चुनखडीच्या कड्यावरचा छोटा नेचा कसा ओळखावा

चुनखडीच्या कड्यावर बोटभर पानांचा नेचा दिसला, की नवखा माणूस वरून एक फोटो काढतो आणि पुस्तकातल्या चित्रांशी तो जुळवत बसतो. नेच्यांच्या बाबतीत ही वाट हमखास चकवते. पानाचा आकार ही त्यांची सगळ्यात बेभरवशाची खूण आहे. एकाच जातीचं पान उन्हात तीन सेंटिमीटरचं राहतं आणि ओल्या सावलीत त्याच्या कितीतरी पट वाढतं. उलट, एकमेकांशी लांबचं नातं असलेल्या जातींची पानं वरून अगदी सारखी दिसू शकतात. भरवसा ठेवावा अशा चार गोष्टी आहेत: पानाच्या मागच्या बाजूला बीजाणू कुठे आणि कसे लागले आहेत, देठाचा रंग कुठपर्यंत टिकतो, बुडाशी असलेले खवले कसे आहेत आणि नेचा नेमका कशात रुजला आहे. या चार गोष्टी एकेक करून पाहायची सवय लागली, तर जगातल्या कुठल्याही चुनखडीच्या कड्यावर निदान प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, तरी पोहोचता येतं.

जगात नेच्यांच्या सुमारे साडेदहा हजार जाती आहेत, पण त्या आकड्याने दडपून जायचं कारण नाही. उभ्या चुनखडकाच्या भेगेत राहू शकणारे छोटे नेचे मोजक्याच गटांतले असतात. त्यातला सगळ्यात मोठा आणि महत्त्वाचा गट म्हणजे अ‍ॅस्प्लेनियम. त्यात सुमारे सातशे जाती आहेत आणि त्यातल्या अनेकांचा मुक्काम खडकावरच असतो.

सोबत काय घ्यायचं

दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग हवंच. ते डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि मग पानाजवळ डोकं न्यायचं. भिंग पानाजवळ आणि डोळा लांब अशा पद्धतीने पाहिलं, तर जेमतेम काहीतरी दिसतं आणि माणूस भिंगालाच दोष देतो. त्याशिवाय मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी, वही-पेन्सिल आणि एक लहान आरसा घ्या. दात तपासायला वापरतात तसा दांडी असलेला आरसा मिळाला तर उत्तमच. कड्यावरच्या नेच्यांचे देठ फार ठिसूळ असतात. मागची बाजू पाहायला पान उलटं वळवलं की ते तुटतं. आरसा पानाखाली सरकवला की काहीही न तोडता सगळं दिसतं. कपारीत अंधार असेल, तर विजेरीचा प्रकाश बाजूने, तिरपा टाका. समोरून टाकलेल्या प्रकाशात खवले आणि केस सपाट दिसतात.

कड्यावर चढायचं नाही. चुनखडीचे कडे पावसाने आतून पोखरलेले असतात आणि हाताला भक्कम वाटलेला दगड सुटून येतो. पायथ्याशी, वाटेच्या कडेला, पडलेल्या मोठ्या दगडांवर त्याच जाती बहुतेक वेळा मिळतात. वर उंचावर दिसलेल्या झुबक्यासाठी दुर्बीण पुरे.

आधी खडक पाहा

नेच्याकडे वळण्याआधी दोन मिनिटं खडकाला द्या. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ती मऊ असते, पोलादी चाकूने तिच्यावर सहज ओरखडा उठतो. पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ती जोरात फसफसते. डोलोमाइट हा चुनखडीसारखाच, पण मॅग्नेशियमयुक्त खडक मात्र हळू फसफसतो, आणि तोही खरवडून भुकटी केल्यावर. आम्ल नसेल तर खरवडलेल्या भुकटीवर व्हिनेगर टाकून पाहिलं तरी बारीक बुडबुडे दिसतात. ही परीक्षा झाडापासून लांब, सुट्या पडलेल्या तुकड्यावर करा. आम्लाचा थेंब मुळाशी गेला तर नुकसान होतं, आणि नेच्याची वाढ इतकी सावकाश असते की ते भरून यायला वर्षं लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण खडक कळला की अर्धी यादी तिथेच गळून पडते. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडी विरघळवतं आणि भेगा रुंदावतं. त्या भेगांत साठणारी माती कॅल्शियमने भरलेली आणि अल्कधर्मी असते. अशा मातीत लोह असूनही झाडांना ते सहज घेता येत नाही. ज्यांना हे जमतं तेच नेचे इथे टिकतात. अ‍ॅस्प्लेनियम सेप्टेन्ट्रिओनाले हा गवताच्या पात्यांसारख्या दुभंगलेल्या पानांचा नेचा सिलिकायुक्त, आम्लधर्मी खडकावरचा आहे. निखळ चुनखडीवर तो सापडला असं वाटलं, तर नावाबद्दल तरी शंका घ्या किंवा खडकाबद्दल तरी.

इथे एक बारकावा नवख्यांच्या नजरेतून निसटतो. कडा चुनखडीचा असला तरी प्रत्येक नेचा चुनखडीत रुजलेला असेलच असं नाही. रुंद कंगोऱ्यावर वर्षानुवर्षं पालापाचोळा कुजून जो थर बसतो, तो पावसाने धुतला जाऊन आम्लधर्मी होऊ शकतो, आणि त्यात आम्लप्रेमी नेचे सुखाने राहतात. म्हणून नुसतं 'चुनखडीवर' असं लिहू नका. उघड्या भेगेत, शेवाळाच्या गादीत, पाझराच्या कडेला की कुजलेल्या पाल्यात, हे लिहा. जुन्या भिंतींच्या चुन्याच्या दर्जाही, म्हणजे दगडांमधल्या चुना भरलेल्या फटीही, कड्याच्या भेगांसारख्याच वागतात, त्यामुळे कड्यावरचे कित्येक नेचे तिथेही भेटतात. सिमेंटने नव्याने दर्जा भरलेली भिंत मात्र बहुधा रिकामी असते.

हा नेचाच आहे ना, आणि वयात आलेला आहे ना?

पहिला प्रश्न बाळबोध वाटेल, पण तो विचारायलाच हवा. थॅलिक्ट्रम आणि कॉरिडॅलिस या फुलझाडांची कोवळी पानं पंख्यासारख्या दलांची (पानाच्या सुट्या छोट्या भागांची), नाजूक आणि थेट नेच्यासारखी असतात. खात्रीसाठी दोन गोष्टी पाहा. नेच्याचं कोवळं पान टोकाकडून आत गुंडाळलेलं असतं आणि उलगडत वाढतं. आणि झुबक्यातल्या एखाद्या तरी पानामागे बीजाणूंचे पुंज किंवा त्यांचे जुने तपकिरी अवशेष सापडतात.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. छोटा नेचा म्हणजे छोट्या जातीचाच नेचा, असं नसतं. मोठ्या नेच्याचं पिल्लूही छोटंच असतं, आणि त्याची सुरुवातीची पानं मोठ्या पानांशी अजिबात मिळत नाहीत. पुढे जाऊन पिसासारखी चिरलेली पानं देणाऱ्या जातीचं पहिलं पान साधं, पंख्यासारखं किंवा दोन-तीन खंडांचं असू शकतं. कड्याच्या ओल्या पायथ्याशी अशा पिल्लांची गर्दी असते. झुबक्यातलं एकेक पान आरशाने तपासा, मागच्या हंगामातली वाळकी पानंही सोडू नका. एकाही पानामागे बीजाणू नसतील, तर जातीचं नाव लिहू नका. आसपास पाच-दहा मीटरमध्ये त्याच रूपाचा मोठा, बीजाणू धरलेला झुबका शोधा. बहुतेक वेळा तो सापडतो, कारण पिल्लं आभाळातून पडलेली नसतात.

पानाची मागची बाजू पाहा: इथेच निम्मा निकाल लागतो

नेच्याला फूल नाही, बी नाही. पानामागे बीजाणुधान्यांचे, म्हणजे बीजाणूंच्या इवल्या पिशव्यांचे, जे पुंज येतात, तेच त्याचं ओळखपत्र. कड्यावरच्या छोट्या नेच्यांत या पुंजांच्या तीन मांडण्या मुख्य आहेत.

पहिली मांडणी रेघांची. पुंज लांबट, शिरेच्या बाजूने तिरपे पडलेले, आणि त्यांच्यावर एका कडेने जोडलेलं पातळ पांढुरकं झाकण. ही अ‍ॅस्प्लेनियमची खूण. पुंज पिकले की ते फुगतात, झाकण मागे सारलं जातं आणि शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळून मागची सगळी बाजू तपकिरी होते. अशा वेळी नवखा माणूस 'रेघा नाहीत' असं लिहून मोकळा होतो. त्याच झुबक्यातलं जरा कोवळं पान पाहा, तिथे रेघा स्पष्ट असतात.

दुसरी मांडणी कडेची. पुंज दलाच्या काठाला लागलेले, आणि काठच आत दुमडून त्यांच्यावर आलेला. वेगळं झाकण नसतं, दुमडलेला काठ तेच काम करतो. हे हंसराज, पेलिया आणि क्रिप्टोग्रामा यांचं लक्षण.

तिसरी मांडणी ठिपक्यांची. काठापासून आत, शिरेवर गोल पुंज. त्यावर टोपीसारखं झाकण असेल, खालून फाटलेल्या झालरीसारखं असेल किंवा झाकण नसेलच. इथे सिस्टॉप्टेरिस, वुडसिया आणि जिम्नोकार्पियम येतात.

पुंजाचं वयही लिहा. हिरवट-पांढरे पुंज कच्चे, गडद तपकिरी ते काळे पिकलेले, आणि विस्कटलेले, फिकट तपकिरी म्हणजे बीजाणू उडून गेलेले. झाकण पाहायचं तर कच्चे किंवा अर्धवट पिकलेलेच पुंज हवेत. समशीतोष्ण भागात त्यासाठी उन्हाळ्याचा मध्य ते शेवट हा काळ सगळ्यात सोयीचा.

मग देठ आणि खवले

देठाचा रंग पाहताना 'काळा' किंवा 'हिरवा' एवढं लिहून भागत नाही. काळेपणा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते लिहा. फक्त बुडाशी? दलं सुरू होतात तिथपर्यंत? की पानाच्या टोकापर्यंत? नुसत्या या एका नोंदीने अ‍ॅस्प्लेनियमच्या दोन जुळ्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या होतात, ते पुढे येईलच. देठावर केस आहेत की तो गुळगुळीत आहे, हेही भिंगातून पाहा.

खवले बुडाशी, मूलक्षोडाच्या (नेच्याच्या जमिनीतल्या खोडाच्या) टोकाला असतात. माती बोटाने हलकेच बाजूला सारून पाहा, उकरू नका. अ‍ॅस्प्लेनियमचे खवले भिंगातून पाहणं हा खरा आनंद आहे. त्यांच्या पेशींच्या भिंती गडद आणि मधला भाग पारदर्शक, त्यामुळे सबंध खवला खिडकीच्या जाळीसारखा दिसतो. पुंज नसलेल्या झुबक्यात ही जाळी दिसली, तर निदान अ‍ॅस्प्लेनियमच्या कुळात आहोत एवढं धरून चालता येतं.

अ‍ॅस्प्लेनियम: तीन जाती नीट शिकाव्यात अशा

उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण भागात चुनखडीच्या कड्यावर छोटा नेचा दिसला, तर तो बहुतेक वेळा या तिघांपैकी एक असतो. या तीन पक्क्या झाल्या की बाकीच्या त्यांच्याशी ताडून शिकता येतात.

अ‍ॅस्प्लेनियम ट्रायकोमेनिस हा जवळपास जगभर पसरलेला नेचा. पान लांब, अरुंद, एकदाच विभागलेलं: मधला दांडा आणि दोन्ही बाजूंना लंबगोल छोट्या दलांच्या ओळी. पान साधारण पाच ते वीस सेंटिमीटरचं, कधी त्याहून लांब. दल काही मिलिमीटरचंच. दांडा बुडापासून टोकापर्यंत गडद तपकिरी ते काळा आणि चकचकीत. भिंगातून पाहिलं तर दांड्याच्या दोन्ही कडांना कागदासारखी पातळ, फिकट तपकिरी पट्टी दिसते. जुन्या पानांची दलं एकेक करून गळतात आणि उघडे काळे दांडे झुबक्यात कित्येक महिने तसेच उभे राहतात. लांबून पाहतानाही हे काळ्या राठ केसांसारखे दांडे दिसले की नाव जवळपास ठरलंच.

अ‍ॅस्प्लेनियम व्हिरिडे याचा हिरवा भाऊ. आकार तोच, मांडणी तीच, पण दांडा हिरवा. काळेपणा फक्त देठाच्या बुडाशी, वर दलांच्या भागात तो मुळीच नाही. दलं जास्त मऊ, उजळ हिरवी, काठ बोथट दातेरी. पुंज दलाच्या मधल्या शिरेच्या जवळ येतात. मूलक्षोडाच्या खवल्यांत ट्रायकोमेनिसच्या खवल्यांना असते तशी मधली काळी रेघ नसते. हा थंड, ओलसर, डोंगराळ ठिकाणचा नेचा आहे. उन्हात भाजणाऱ्या, सखल भागातल्या कोरड्या भिंतीवर व्हिरिडे सापडल्यासारखं वाटलं तर पुन्हा पाहा. बरेचदा ते ट्रायकोमेनिसचं कोवळं पान असतं. कोवळ्या पानाचा दांडा वरच्या भागात काही दिवस हिरवा असतो, म्हणून रंग नेहमी पूर्ण उलगडलेल्या, जुन्या पानावरच ठरवा.

आणि दांडा खालच्या अर्ध्यात तपकिरी, वर स्वच्छ हिरवा, तोही जुन्या पानांवर? मग खडकाकडे परत जा. अ‍ॅस्प्लेनियम अ‍ॅडल्टेरिनम ही जात नेमकी अशी असते. ती या दोघांच्या संकरातून, गुणसूत्रं दुप्पट होऊन तयार झालेली स्थिर जात आहे, आणि तिचं घर चुनखडी नसून सर्पेंटाइन हा मॅग्नेशियमयुक्त, हिरवट खडक आहे.

तिसरा अ‍ॅस्प्लेनियम रुटा-म्युरारिया. याचं रूप पूर्ण वेगळं. पान तीन ते बारा सेंटिमीटरचं, त्रिकोणी, दोन-तीनदा विभागलेलं, आणि शेवटची दलं थोडी, सुटी सुटी, पंख्याच्या किंवा चौकटच्या आकाराची. रंग निस्तेज गडद हिरवा, पोत चामड्यासारखा. दलाला मधली शीर नाही, शिरा बुडापासून पंख्यासारख्या फाकतात. देठ हिरवा, फक्त बुडाशी गडद. झाकणाचा काठ बारीक झालरीसारखा कातरलेला. पिकल्यावर पुंज दलाची मागची बाजू पूर्ण झाकून टाकतात. चुनखडीच्या भेगा आणि चुन्याच्या जुन्या भिंती, दोन्हींवर हा सारख्याच निर्धास्तपणे राहतो.

ट्रायकोमेनिसबद्दल आणखी थोडं, कारण इथेच विषय रंगतो. या एका नावाखाली अनेक उपजाती आहेत. सबस्पीशीज ट्रायकोमेनिस द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) आहे आणि आम्लधर्मी खडकावर राहते. सबस्पीशीज क्वाड्रिव्हालेन्स चतुर्गुणित (चार संचांची) आहे आणि चुनखडी व चुन्याच्या भिंती पसंत करते. तिची दलं जास्त लांबट आणि जवळजवळ असतात. युरोपातल्या चुनखडीवर सबस्पीशीज पॅकिरॅकिसही भेटते: पुढे झुकलेल्या खडकाच्या पोटाखाली, आखूड, ठिसूळ पानं खडकाला चिकटून चोहोबाजूंना पसरलेली, दलं एकमेकांवर चढलेली. तेव्हा चुनखडीवर ट्रायकोमेनिस दिसला तर क्वाड्रिव्हालेन्स ही शक्यता आधी धरावी, पण उपजात पक्की लिहायला बीजाणूंचं माप घ्यावं लागतं. गुणसूत्रं दुप्पट असली की बीजाणूही आकाराने मोठे होतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो फरक मोजता येतो. ते जमत नसेल तर उपजातीची जागा कोरी सोडा. कोरी जागा चुकीच्या नावापेक्षा नंतरच्या अभ्यासकाला जास्त उपयोगी पडते.

याच गटातले इतर

अ‍ॅस्प्लेनियम सेटेरॅक ओळखायला सोपा. पानाची मागची बाजू तपकिरी-रुपेरी खवल्यांनी गच्च भरलेली, पुंजसुद्धा त्यात बुडालेले. पान जाड, गोलसर खंडांचं, खंड दोन्ही बाजूंना आळीपाळीने. कोरड्या दिवसांत पान आत वळून खवल्यांची बाजू बाहेर करतं आणि मेल्यासारखं दिसतं. पाऊस पडला की काही तासांतच ते पुन्हा उलगडून हिरवं होतं. म्हणून उन्हाळ्यात कड्यावर दिसणारे तपकिरी चुरगळलेले झुबके वाळलेले समजून सोडून देऊ नका.

अ‍ॅस्प्लेनियम स्कोलोपेन्ड्रियमचं पान जिभेसारखं अखंड, पुंज जोडीजोडीने समांतर रेघांत. हा मुळात छोटा नेचा नाही, पण त्याची पिल्लं कड्यावर नेहमी भेटतात आणि घोटाळा करतात. उत्तर अमेरिकेतला त्याचा प्रकार मात्र दुर्मीळ आहे आणि १९८९ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त जाती कायद्याखाली तो संरक्षित आहे.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात शेवाळलेल्या चुनखडीच्या दगडांवर अ‍ॅस्प्लेनियम रायझोफिलम मिळतो. त्याच्या अखंड पानाचं टोक शेपटीसारखं निमुळतं होत जातं, आणि ते जिथे टेकतं तिथे नवं रोप उगवतं. याच खंडात अ‍ॅस्प्लेनियम रेझिलिएन्स हा ट्रायकोमेनिसचा तोतया आहे. दांडा याचाही काळा, पण दलं जास्त लांब, समोरासमोर, आणि प्रत्येक दलाच्या बुडाशी वरच्या बाजूला छोटा कान.

काठ दुमडलेले

पाण्याचा पाझर, चुन्याची पुटं चढलेला ओला खडक आणि त्यावरून लोंबणारी नाजूक पानं असं दृश्य असेल तर हंसराज, म्हणजे अ‍ॅडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस, हा पहिला अंदाज. देठ काळा, तारेइतका बारीक, चकचकीत. दलं पंख्याची, पातळ, प्रत्येकाला स्वतःचा केसाएवढा देठ. पुंज काठाच्या दुमडलेल्या पाकळीच्या आतल्या बाजूलाच लागतात, आणि हे अ‍ॅडिअँटमचं खास लक्षण आहे. रुटा-म्युरारियाची दलंही पंख्याची असतात, म्हणून नवखे या दोघांत गफलत करतात. देठाचा रंग आणि पुंजांची जागा पाहिली की वाद राहत नाही.

कोरड्या, उघड्या चुनखडीवर अमेरिका खंडात पेलिया भेटतात. पान निळसर-राखाडी हिरवं, चामड्यासारखं. पेलिया अ‍ॅट्रोपर्प्युरियाचा देठ जांभळट काळा आणि केसाळ. पेलिया ग्लाबेला त्याहून लहान, देठ तांबूस तपकिरी आणि जवळपास गुळगुळीत. इथे भिंगाशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

क्रिप्टोग्रामा स्टेलेरी ही सावलीतल्या, गार, ओल्या चुनखडीवरची अतिशय नाजूक जात. वांझ पानं रुंद दलांची आणि बीजाणू धरणारी पानं अरुंद दलांची, म्हणजे एकाच झाडावर दोन प्रकारची पानं. ती लवकर उगवते आणि उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत वाळून जाते, म्हणून उशिरा गेलेल्यांना ती दिसतच नाही.

गोल ठिपक्यांचे

सिस्टॉप्टेरिस फ्रॅजिलिस हा यांत सगळ्यात जास्त भेटणारा. पान पातळ, दोन-तीनदा चिरलेलं, देठ ठिसूळ. कोवळ्या पुंजावर एका बाजूने चिकटलेली फुगीर टोपी असते. ती लवकरच आक्रसून मागे जाते, त्यामुळे पिकलेल्या पानावर झाकण नसल्याचा भास होतो. वुडसियात झाकण पुंजाच्या खालून येतं आणि केसांसारख्या धाग्यांत फाटलेलं असतं. ठिपका वरून झाकलाय की खालून वेढलाय, एवढं ठरवलं की या दोघांतला संभ्रम संपतो. उत्तर अमेरिकेतल्या सिस्टॉप्टेरिस बल्बिफेराच्या लांब, निमुळत्या पानांमागे हिरव्या गोल गाठी लागतात. त्या खाली पडून रुजतात. गाठ दिसली की नाव पक्कं.

जिम्नोकार्पियम रॉबर्टियानम चुनखडीच्या फटींत आणि घसरड्या दगडगोट्यांत पसरतो. पान त्रिकोणी, एकेकटं जमिनीतून वर आलेलं, झुबका नाही. झाकण नाही. पानावर बारीक ग्रंथी असतात.

काहीच जुळत नाही तेव्हा

सगळी लक्षणं नीट पाहूनही नेचा दोन जातींच्या मध्येच अडकतो, असं होऊ शकतं. अ‍ॅस्प्लेनियममध्ये हे वारंवार होतं, कारण त्यांच्यात संकर फार. वॉरन वॅग्नर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५४ साली अ‍ॅपलाचियन पर्वतातल्या अ‍ॅस्प्लेनियमच्या गोंधळाचा उलगडा केला. तिथली कितीतरी रूपं तीन मूळ जातींच्या आपसांतल्या संकरातून आलेली आहेत, हे त्याने दाखवलं. त्या तिघांपैकी एक वर आलेला रायझोफिलम.

संकराची शंका तपासायची सोपी पद्धत आहे. पिकलेल्या पुंजांचा पानाचा छोटा तुकडा पांढऱ्या कागदावर, मागची बाजू खाली करून, वारा नसलेल्या कोरड्या जागी रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर तपकिरी भुकटी पडलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली अ‍ॅस्प्लेनियमचे निरोगी बीजाणू आकाराने एकसारखे, घेवड्याच्या बियांच्या घडणीचे दिसतात. वांझ संकराचे बीजाणू चुरगळलेले, लहानमोठे, काळे गोळे झालेले असतात. अशा झुबक्याजवळ दोन्ही संभाव्य पालक आहेत का, हेही शोधून लिहा.

फोटोवरून नाव सुचवणारी अ‍ॅप वापरायला हरकत नाही, पण तिला पानाची मागची बाजू दाखवा. वरच्या बाजूच्या फोटोवर ती ट्रायकोमेनिस आणि रेझिलिएन्स यांत सहज चुकू शकते.

नोंद आणि नमुना

फोटो किमान पाच: खडकासह पूर्ण झुबका, पट्टी ठेवून एक पान, मागची बाजू जवळून, देठाचं बूड आणि दांड्याचा वरचा भाग. वहीत तारीख, जागा, उंची, खडक, कड्याचं तोंड कुठल्या दिशेला, ऊन की सावली, ओल कितपत आणि कशात रुजला आहे ते. झुबके किती आहेत तेही मोजा.

नमुना घ्यायचा असेल तर आधी परवानगी घ्या, आणि तीही मिळाल्यावर एखादं पान पुरे. मूलक्षोडाला हात लावायचा नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नेचे जमवण्याचं वेड पसरलं होतं. त्या काळात दुर्मीळ जातींचे झुबकेच्या झुबके मुळासकट उपटले गेले आणि काही ठिकाणी त्या जाती आजही सावरलेल्या नाहीत. भेगेत नवा झुबका तयार व्हायला बीजाणूने नेमक्या फटीत पडावं लागतं. त्यातून उगवलेल्या इवल्या पूर्वरोपाला पाण्याचा पातळ थर मिळावा लागतो, कारण त्या पाण्यातूनच नरपेशी पोहत स्त्रीपेशीपर्यंत जातात. उघड्या कड्यावर हा योग क्वचितच येतो. दुर्मीळ जात सापडली तर नेमकी जागा सगळ्यांसमोर जाहीर करू नका. ती फक्त तिथल्या वनस्पतिसंग्रहालयाला किंवा त्या भागाची नोंद ठेवणाऱ्या अभ्यासकाला कळवा.

नाव लिहिताना ते कुठपर्यंत पक्कं आहे, तेही लिहा. 'अ‍ॅस्प्लेनियम, पुंज कच्चे, दांडा पूर्ण काळा, उपजात तपासायची' ही चांगली नोंद आहे. मग त्याच झुबक्याकडे पुंज पिकायच्या दिवसांत पुन्हा जा आणि राहिलेल्या रकान्यांपासून सुरुवात करा.